वाफ तीच, कामे तीन : गंगाखेडच्या उसाचे आणि कागद गिरणीचे एकच गणित

साखर असो वा कागद, दोन्ही कारखान्यांचे बहुतेक इंधन एकाच कामावर खर्च होते : पाणी उडवण्यावर. ते पाणी किती शहाणपणाने उडवले, यावर किती बगॅस उरतो, किती वीज विकता येते आणि ऊस उत्पादकाच्या हिशेबात काय जमा होते, हे ठरते. या गणिताचा हा उलगडा.

नावातच ऊर्जा

परभणी जिल्ह्यातील गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मगाव. गोदावरीकाठच्या या तालुक्यात माखणी शिवारात साखर कारखाना उभा आहे. त्याचे नाव गंगाखेड शुगर अँड एनर्जी. साखरेच्या बरोबरीने ‘एनर्जी’ नावात यावी, हा गेल्या दोन-अडीच दशकांत बदललेल्या साखर उद्योगाचा पुरावाच आहे. पूर्वी कारखान्याच्या आवारात बगॅसचे, म्हणजे रस काढून उरलेल्या चिपाडाच्या भुश्श्याचे, ढीग साठायचे आणि त्याचे करायचे काय, हा प्रश्न पडायचा. आज त्याच ढिगावर सहवीजनिर्मिती, डिस्टिलरी आणि कागद उद्योग या तिघांचा डोळा असतो.

गंगाखेडहून रेल्वेने पुढे गेले की परळी वैजनाथ लागते. तिथे कोळशावरचे औष्णिक वीज केंद्र आहे. दोन्हीकडे बॉयलर आहे, टर्बाइन आहे, वाफ आहे. तरीही उष्णता वापरण्याची रीत अगदी वेगळी. हा फरक समजला की साखर कारखाना आणि कागद गिरणी, दोन्ही समजायला सोपे जातात.

पिळणे स्वस्त, उकळणे महाग

एक किलो पाणी ३० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवायला सुमारे ७० किलोकॅलरी उष्णता लागते. पण त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला आणखी सुमारे ५४० किलोकॅलरी लागतात, म्हणजे जवळपास आठपट. वाफेत दडलेल्या या उष्णतेला ‘सुप्त उष्णता’ म्हणतात. वाफेचे पुन्हा पाणी झाले की ती सगळी परत मिळते. मात्र ती परत घेण्याची सोय करून ठेवलेली असावी लागते. सोय नसेल तर ती हवेत जाते.

यातून दोन नियम निघतात. पहिला : जे पाणी दाबून, पिळून काढता येते ते कधीही उकळून काढू नये. दुसरा : उकळावेच लागले, तर निघालेली वाफ सोडून देऊ नये, तिला पुन्हा कामाला जुंपावे. धुतलेले धोतर पिळून वाळत घालणारा माणूस पहिला नियम रोज पाळतो. कारखान्यात तोच नियम कोट्यवधी रुपयांचा होतो.

गुऱ्हाळाची काहील आणि कारखान्याची ‘बॉडी’

गुऱ्हाळात चुलवाणावर काहील ठेवून रस आटवतात. खाली चिपाड जळते, वर रस उकळतो आणि पांढरी वाफ छपरातून निघून जाते. प्रत्येक किलो वाफेबरोबर ५४० किलोकॅलरी उष्णता एकदाच वापरून संपते.

साखर कारखान्याला हे परवडत नाही. एक टन ऊस गाळताना रोलरवर पाणी शिंपडतात, त्यामुळे साधारण एक टन मिश्र रस निघतो. त्यात विरघळलेले घन पदार्थ १५ टक्क्यांच्या आसपास असतात. हा रस आटवून ६० टक्क्यांचा पाक करायचा, तर टनामागे सुमारे ७५० किलो पाणी उडवावे लागते. दुसरीकडे त्याच एक टन उसातून साधारण २८० किलो बगॅस मिळतो. त्यातला निम्मा भाग पाणीच असते. एक टन बगॅस जाळून सुमारे २.२ टन वाफ होते असे धरले, तर २८० किलोंतून साधारण ६१५ किलो वाफ मिळते. म्हणजे काहिलीच्या पद्धतीने रस आटवायचा ठरवला तर उसाचे स्वतःचे इंधनच अपुरे पडेल. शिवाय रस तापवायला आणि पॅनमध्ये साखरेचे दाणे धरायला लागणारी वाफ वेगळीच.

हा पेच सोडवला नॉर्बर्ट रिलिए यांनी. १८०६ मध्ये अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स येथे जन्मलेल्या या कृष्णवर्णीय अभियंत्याने १८४० च्या दशकात ‘मल्टिपल इफेक्ट इव्हॅपोरेटर’चे पेटंट घेतले. कल्पना साधी आहे. चार बंद भांडी एकापुढे एक ठेवायची. आपल्याकडे कामगार त्यांना ‘बॉडी’ म्हणतात. पहिल्या बॉडीला बाहेरची वाफ द्यायची. तिच्यातल्या रसातून निघालेल्या वाफेने दुसऱ्या बॉडीतला रस उकळायचा, दुसरीच्या वाफेने तिसरीतला, तिसरीच्या वाफेने चौथीतला. पुढच्या प्रत्येक बॉडीत दाब कमी ठेवायचा, शेवटी तर निर्वात. दाब कमी झाला की रस कमी तापमानालाच उकळतो, म्हणून आधीची ‘शिळी’ वाफही पुढे उपयोगी पडते.

चार बॉडींत एक किलो वाफ साधारण चार किलो पाणी उडवते. म्हणजे ७५० किलोंसाठी २०० किलोंच्या आसपास वाफ पुरते. आज पाच बॉडी असलेले कारखाने आहेत. मधल्या बॉडींतून काढलेल्या वाफेवर रस तापवणे आणि पॅन चालवणे हीही पुढची पायरी झाली आहे. पण मूळ सूत्र रिलिए यांचेच आहे.

दुधावरची साय

परळीच्या केंद्रात कोळशाची उष्णता वाफेत जाते, वाफ टर्बाइन फिरवते आणि मग कंडेन्सरमध्ये पाण्याने थंड केली जाते. अशा केंद्रांत इंधनाच्या उष्णतेचा साधारण एक तृतीयांश भाग वीज होतो. उरलेल्यातला मोठा वाटा शीतन मनोऱ्यांतून हवेत जातो आणि त्यापायी पाणी खर्च होते. कूलिंग टॉवर असलेल्या जुन्या औष्णिक केंद्रांसाठी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०१५ मध्ये घातलेली मर्यादाच एका युनिटमागे साडेतीन लिटर पाण्याची आहे. त्याच वर्षी, दुष्काळात गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यात पाणी न उरल्याने परळीचे केंद्र बंद ठेवावे लागले होते. मराठवाड्यात वाया जाणारी उष्णता म्हणजे वाया जाणारे पाणीही असते, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिले.

साखर कारखान्यात हा उरलेला भाग वाया घालवावा लागत नाही. बॉयलरमध्ये उच्च दाबाची, ५०० अंशांहून अधिक तापलेली वाफ तयार होते. टर्बाइन तिच्यातली साय काढून घेतो, म्हणजे वीज. टर्बाइनमधून बाहेर पडणारी वाफ दीड किलो दाबाची आणि सव्वाशे अंशांच्या थोडी वर असते. वीज करायला तिचा फारसा उपयोग नाही. पण सुप्त उष्णता तिच्यात जवळपास पूर्ण शिल्लक असते आणि इव्हॅपोरेटरला नेमकी तीच हवी असते. म्हणून साय काढलेले हे दूध थेट पहिल्या बॉडीकडे जाते.

एकाच वाफेकडून आधी वीज आणि मग उष्णता घेण्याच्या या पद्धतीला सहवीजनिर्मिती म्हणतात. पूर्वीचे बॉयलर २१ किंवा ३२ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाबाचे असत. त्यांतून कारखान्यापुरती वीज निघे. आता ६७, ८७, ११० किलो दाबाचे बॉयलर बसवले जातात. दाब वाढला की तेवढ्याच बगॅसवर साय जास्त निघते आणि जास्तीची वीज महावितरणला विकता येते.

कागद गिरणीत काय होते?

महाराष्ट्राला कागद नवा नाही. पुण्याजवळ मुंढव्याची डेक्कन पेपर मिल एकोणिसाव्या शतकातली. चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारपूरची ओळखच कागदामुळे झाली, तर पुणे जिल्ह्यातील भिगवणलाही मोठी गिरणी आहे. कागद बनतो लगद्यापासून. पण यंत्राच्या जाळीवर सोडताना त्या लगद्यात घन भाग जेमतेम अर्धा ते एक टक्का असतो, बाकी पाणी. अर्धा टक्का धरला तर एक किलो कागदामागे सुमारे १८७ किलो पाणी काढून टाकायचे असते.

यातले बहुतेक पाणी जाळीतून फुकटात निथळते. जाळीवरून निघालेल्या ओल्या पट्टीत साधारण २० टक्के घन भाग असतो, म्हणजे किलोमागे पावणेचार किलोंच्या आसपास पाणी उरलेले असते. मग रोलरच्या प्रेसमध्ये ती पिळली जाते. पट्टी ४५ टक्के कोरडी झाली तर किलोमागे १.०९ किलो पाणी उरते. ते मात्र वाफेने तापवलेल्या सिलिंडरांवर उकळूनच काढावे लागते. १८७ किलोंतले शेवटचे एक किलो पाणी, आणि गिरणीच्या वाफेचा मोठा वाटा तिथेच संपतो.

म्हणून कागद गिरणीतले अभियंते प्रेसच्या एकेका टक्क्यासाठी झटतात. पट्टी ४५ ऐवजी ४६ टक्के कोरडी निघाली, तर वाळवायचे पाणी १.०९ वरून १.०४ किलोवर येते. एका टक्क्याने सिलिंडरांवरची वाफ चार टक्क्यांनी वाचते. जुन्या प्रेसच्या जागी लांब दाब देणारा ‘शू प्रेस’ बसवून कोरडेपणा ४२ वरून ५० टक्क्यांवर नेला, तर वाळवायचे पाणी जवळपास २९ टक्क्यांनी घटते. हा झाला पहिला नियम : पिळता येईल ते पिळा.

दुसरा नियमही तिथे आहे. लाकूड, बांबू किंवा बगॅस रसायनांत शिजवून लगदा केल्यावर काळे द्रावण उरते. त्याला ‘ब्लॅक लिकर’ म्हणतात. त्यात घन भाग साधारण १५ टक्के असतो. उसाच्या रसाइतकाच! ते मल्टिपल इफेक्ट इव्हॅपोरेटरमध्ये आटवून ६५ टक्क्यांच्या पुढे नेतात आणि रिकव्हरी बॉयलरमध्ये जाळतात. त्यातून वाफही मिळते आणि रसायनेही परत मिळतात. साखरेसाठी निघालेले रिलिए यांचे यंत्र असे कागद गिरणीतही रोज चालते.

बचत किती? एक साधा हिशेब

जुन्या पद्धतीचा साखर कारखाना उसाच्या वजनाच्या ५० टक्के किंवा त्याहून अधिक वाफ वापरतो. चांगल्या व्यवस्थेत हे प्रमाण ४० टक्के किंवा त्याखाली आणता येते. उदाहरणादाखल, रोज ५ हजार टन गाळणाऱ्या आणि १२० दिवस चालणाऱ्या कारखान्याचा हिशेब असा :

• ५० वरून ४० टक्के म्हणजे रोज ५०० टन वाफेची बचत.
• २.२ च्या प्रमाणाने रोज सुमारे २२७ टन बगॅस वाचतो.
• १२० दिवसांत ही बचत २७ हजार टनांच्या वर जाते.
• गाळलेल्या दर टन उसामागे हा बगॅस सुमारे ४५ किलो होतो.
• बगॅसचा दर टनाला २,५०० रुपये धरला, तर उसाच्या टनामागे सुमारे ११४ रुपये होतात.

हे दहा टक्के एका यंत्राने मिळत नाहीत, छोट्या-मोठ्या कामांतून साठतात. बॉयलरला थंड पाण्याऐवजी बॉडीतले गरम कंडेन्सेट परत दिले, तर पाण्याचे तापमान दर सहा अंशांनी वाढताना इंधन साधारण एक टक्क्याने वाचते. धुराड्यातून जाणाऱ्या वायूचे तापमान २२ अंशांनी उतरवले, तर बॉयलरची कार्यक्षमता साधारण एक टक्क्याने सुधारते. वाफेच्या नळ्यांवरचे उष्णतारोधक आवरण आणि बिघडलेले स्टीम ट्रॅप यांकडे हंगामाच्या धावपळीत दुर्लक्ष होते, आणि तिथूनच वाफ निसटते. सात किलो दाबाच्या वाहिनीला तीन मिलिमीटरचे एक छिद्र पडले, तर तासाला ३० किलोंच्या आसपास वाफ निघून जाते. १२० दिवसांच्या हंगामात ती ८० टनांच्या पुढे जाते, म्हणजे ट्रॉल्या भरून बगॅस.

वाचलेला बगॅस जाळायचा की त्याचा कागद करायचा?

खरी ओढाताण इथे सुरू होते. बगॅसमध्ये कागदाला चालणारा तंतूही असतो. त्यातला सुमारे ३० टक्के भाग भुसभुशीत गर असतो. तो कागदाला उपयोगाचा नाही, पण बॉयलरला चालतो. गर आणि पाणी वजा जाता, आणि शिजवताना होणारी घट धरता, एक टन लगद्याला साधारण सहा टन ओला बगॅस लागतो. वरच्या उदाहरणातल्या २७ हजार टनांतून साडेचार हजार टनांच्या आसपास लगदा होईल. तेवढे लाकूड तोडावे लागणार नाही.

तमिळनाडूने हा प्रश्न अदलाबदलीने सोडवला. करूर जिल्ह्यात १९७९ मध्ये स्थापन झालेल्या ‘तमिळनाडू न्यूजप्रिंट अँड पेपर्स’ या सरकारी कंपनीने साखर कारखान्यांकडून बगॅस घेतला आणि त्याच्या बदल्यात त्यांना वाफ देण्यासाठी दुसऱ्या इंधनावरचे बॉयलर पुरवले. उसाचा तंतू कागदाला आणि साखरेला कोळशाची वाफ, असा तो व्यवहार. त्यातून लाकूड वाचले, पण कोळसा जळला. पुढे साखर कारखाने स्वतःच वीज विकू लागले, तसा बगॅस मिळणे अवघड झाले.

यातून धडा निघतो तो असा : कोळसा न जाळता कागदासाठी बगॅस हवा असेल, तर तो साखर कारखान्यातली वाफ वाचवूनच मिळू शकतो. वाचवलेल्या बगॅसला वीज, कागद किंवा डिस्टिलरीचे बॉयलर असे पर्याय असतात. उधळलेल्या वाफेला एकही नसतो. महाराष्ट्रात सहवीजनिर्मितीच्या नव्या करारांचे दर स्पर्धात्मक निविदांतून ठरू लागल्यापासून जुन्या करारांइतका भाव विजेला राहिलेला नाही. त्यामुळे ‘जाळा आणि विका’ हे उत्तर आता आपोआप बरोबर ठरत नाही.

ऊस उत्पादकाचा संबंध काय?

थेट आहे. रंगराजन समितीने २०१२ मध्ये महसूल वाटणीचे सूत्र सुचवले : साखर आणि बगॅस, मळी, प्रेसमड या प्राथमिक उपपदार्थांच्या उत्पन्नातील ७० टक्के वाटा उसाचा, किंवा फक्त साखर धरली तर ७५ टक्के. महाराष्ट्राने ऊस दर विनियमनाचा २०१३ चा कायदा याच धर्तीवर केला. एफआरपी हा किमान दर आहे. सूत्राने त्याहून अधिक रक्कम निघाली, तर वरचा फरक उत्पादकाचा.

२०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला एफआरपी टनाला ३,५५० रुपये आहे. त्यासमोर वरच्या उदाहरणातले ११४ रुपये तीन टक्क्यांच्या आसपास येतात. त्यातून यंत्रसामग्रीच्या कर्जाचा हप्ता वजा होईल, कारखाना बगॅस विकतो की स्वतःच्याच सहवीज प्रकल्पात वापरतो यावर हिशेबाची पद्धत बदलेल. तरीही उताऱ्यातल्या दशांश टक्क्यावरून जिथे वाद होतात, तिथे वाफेतल्या दहा टक्क्यांकडे कोणी वळूनही पाहत नाही.

नियम काय सांगतात?

२००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यानुसार २००२ मध्ये ऊर्जा दक्षता ब्यूरो स्थापन झाला. त्याने २०१२ मध्ये ‘परफॉर्म, अचीव्ह, ट्रेड’ म्हणजे ‘पॅट’ योजना सुरू केली. पहिल्या फेरीत आठ क्षेत्रांतले ४७८ मोठे ऊर्जा वापरकर्ते होते. त्यांत कागद उद्योग होता, साखर नव्हती. लक्ष्यापेक्षा जास्त बचत करणाऱ्याला प्रमाणपत्रे मिळतात, मागे पडणाऱ्याला ती विकत घ्यावी लागतात. एक प्रमाणपत्र म्हणजे एक टन तेलाइतकी ऊर्जा. २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना आली आणि २०२५ मध्ये कागद उद्योगासाठी उत्सर्जन तीव्रतेची लक्ष्ये अधिसूचित झाली. कागद गिरणीला आता वाफेचा हिशेब बाहेरच्यांना द्यावा लागतो. साखर कारखान्याला बगॅस घरचाच असल्याने तो हिशेब मागणारे कमी. पुण्याजवळ मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट कारखान्यांना तांत्रिक मार्गदर्शन करते, पण तिचा सल्ला अमलात आणायचा की नाही, हे कारखाना ठरवतो.

विचारण्यासारखे पाच प्रश्न

बॉयलर अग्निप्रदीपनाच्या दिवशी भाषणे गाळपाच्या लक्ष्याची आणि दराची होतात. ऊस कोणत्याही कारखान्याला जावो, हंगाम संपल्यावर उत्पादकाने हे पाच आकडे जरूर विचारावेत :

१. उसाच्या वजनाच्या किती टक्के वाफ वापरली? गेल्या वर्षी किती होती?
२. हंगामाअखेर किती बगॅस शिल्लक राहिला?
३. त्यातला किती विकला, किती विजेसाठी वापरला, आणि कोणता दर धरला?
४. एक टन उसामागे किती युनिट वीज बाहेर विकली?
५. ७०:३० च्या हिशेबात बगॅसची रक्कम किती दाखवली?

यातला पहिला आकडा सर्वांत महत्त्वाचा. तो खाली आला की बाकीचे चारही बदलतात.